२१ मेचं शिबिर : नागपुरातल्या अंध मंडळींच्या एका गटाचं प्रकरण

या प्रकरणातल्या कुणाचंही नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. तारीख मात्र तशीच ठेवली आहे, कारण सगळा घोटाळा तारखेनंच केला.

पार्श्वभूमी

नागपूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या अंध व अल्पदृष्टी मंडळींचा एक व्हॉट्सॲप गट आहे. माणसं दोनशेच्या आसपास. त्यात शिक्षक आहेत, बँकेतले टेलिफोन ऑपरेटर आहेत, ऑर्केस्ट्रात गाणारे, रेल्वेत किरकोळ वस्तू विकणारे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली आणि बऱ्याच गृहिणीही आहेत. निम्मेअधिक एकाच वसतिगृहात वाढलेले. म्हणजे समोरच्याचा आवाज सहा-सात वर्षांचे असल्यापासून ओळखीचा.

गट निघण्याआधीही बातम्या फिरतच होत्या. एके काळी शहरातले बरेच एसटीडी बूथ अंध माणसांकडे होते. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न जमलं, कुठे कॅसेटवर पुस्तकं मिळतात, हे सगळं त्या बूथवर कळायचं. राज्यातल्या बातम्यांसाठी आकाशवाणी होती. २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक निघू लागलं, आणि ब्रेल साहित्याला टपालखर्च लागत नसल्यानं ते खेड्यातही पोचलं. पण गावपातळीची बातमी ना आकाशवाणीवर येत ना पाक्षिकात. कोणत्या कार्यालयात कोणता कागद मागतात, हयातीचा दाखला कधीपर्यंत द्यायचा, पांढऱ्या काठ्या कुठे वाटणार आहेत, हे तोंडोतोंडीच कळायचं. बूथ बंद पडले आणि ते काम गटाकडे आलं.

गट चालवणाऱ्या ताई बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्या पूर्ण अंध आहेत. शेकडो नंबर अजूनही तोंडपाठ. ताईंचा आवाज आला की लोक बाकीचं बाजूला ठेवून ऐकतात, आणि या प्रकरणात त्याचंच वजन पडलं.

अडचणीचं मूळ

सरकारी कार्यालयं, संस्था, दानशूर मंडळं, सगळ्यांना सूचना फोटोतच पाठवायची सवय आहे. रंगीत पोस्टर, वर पाहुण्यांचे चेहरे, खाली बारीक अक्षरात अटी. फोनवरचं बोलून दाखवणारा टॉकबॅक हा स्क्रीन रीडर अशा फोटोपाशी आला की पाठवणाऱ्याचं नाव सांगतो, वेळ सांगतो, ‘फोटो’ म्हणतो आणि पुढे सरकतो. पीडीएफ आलं तरी ते बहुधा स्कॅन केलेलं असतं. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर स्क्रीन रीडर अर्थहीन अक्षरांची माळ ऐकवतो. फोटोतला मजकूर ओळखणारी ॲप आहेत, पण चेहऱ्यांच्या गर्दीतल्या देवनागरी आकड्यांपाशी ती अडखळतात. १ आणि ९ यांची गल्लत तर ठरलेलीच.

म्हणून गटात एक रीत पडली होती. फोटो आला की कुणीतरी घरातल्या डोळस माणसाकडून वाचून घ्यायचा आणि आपल्या आवाजात सांगायचा. सोयीची रीत, पण तिच्यात एक भोक होतं. व्हॉट्सॲप पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्ड’ अशी खूण ठेवतं, आणि ती टॉकबॅकला वाचता येते. तोच मजकूर आपण नव्यानं बोलून पाठवला की खूण गेली. कुठून कुठून फिरत आलेला कागद ओळखीच्या माणसाचा ताजा निरोप होऊन बसतो. डोळसांच्या जगात कागदाखालच्या सहीला जो मान, तो इथे आवाजाला आहे. सही कुणाची ते सगळ्यांना कळलं, कागद केव्हाचा ते कुणीच विचारलं नाही.

काय घडलं

मे २०२३. बुधवारी गटात एक पोस्टर आलं. दृष्टिबाधितांसाठी मोफत साहित्यवाटप शिबिर, रविवार २१ मे, सकाळी दहा वाजता, शहरातल्या एका मंगल कार्यालयात. स्मार्टफोन, काठी, ब्रेल साहित्य. एका सदस्यानं शेजारच्या मुलाकडून ते वाचून घेतलं. मुलानं मोठ्या अक्षरातला मजकूर नीट वाचला, तळाची बारीक ओळ सोडून दिली. वर्ष त्या ओळीत होतं, आणि ते २०१७ होतं.

मजकूर ताईंकडे गेला. त्यांनी पाऊण मिनिटाचा निरोप रेकॉर्ड करून गटात टाकला. तारीख, वेळ, ठिकाण, सोबत काय न्यायचं. सगळं स्वच्छ.

शंका घेणारे नव्हते असं नाही. एका विद्यार्थ्यानं फोनमधलं कॅलेंडर तपासलं. २१ मेला रविवार होता. पण २०१७ आणि २०२३ या दोन्ही वर्षांची सुरुवात रविवारी झाली आणि दोन्ही लीप नसलेली वर्षं, म्हणजे दोघांचं कॅलेंडर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच. एरवी अशा जुन्या पोस्टरात वार जुळत नाही आणि पितळ उघडं पडतं. इथे तपासल्यामुळे उलट विश्वास वाढला.

एक धागा मात्र हाताशी होता. कागदपत्रांच्या यादीत जुना अपंगत्वाचा दाखला होता, उत्पन्नाचा दाखला होता, यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या नव्या ओळखपत्राचा, उल्लेखच नव्हता. २०२३ मध्ये असल्या शिबिरात यूडीआयडी मागणार नाहीत असं होत नाही. कार्यालयाच्या चकरा मारून मारून ते कार्ड मिळवलेल्या मंडळींना हे खटकायला हवं होतं. एका बाईंना खटकलंही. त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं, गटात नाही.

शनिवारची संध्याकाळ

शनिवारी संध्याकाळी काटोलच्या एका भाऊंनी पोस्टरवरचा नंबर फिरवला. तो अस्तित्वात नव्हता. त्यांनी ताईंना फोन केला. “ताई, नंबर लागूनच नाई राहिला जी. मंग सकाळी निघू का नको?”

ताईंपुढे प्रश्न उभा राहिला. शिबिर नाही हे कळलेलं नव्हतं, फक्त नंबर लागत नव्हता. ‘रद्द’ म्हणावं आणि शिबिर खरंच असलं, तर एखाद्याचा स्मार्टफोन हुकणार. मोफत साधनं दर वर्षी मिळत नाहीत. गप्प राहावं, तर लोक पहाटे निघणार. मंगल कार्यालयाचा नंबर मिळवायचा त्यांनी प्रयत्न केला, मिळाला नाही. शेवटी त्यांनी रात्री दहाच्या पुढे एक निरोप टाकला. तो चार मिनिटांचा होता. आधी मागचा संदर्भ, मग फोनाफोनीची हकीकत, आणि ‘जरा चौकशी करून निघा’ हे तिसऱ्या मिनिटाला. बहुतेकांनी सुरुवात ऐकली, जुनंच काही असेल म्हणून सोडून दिली. बाकीचे झोपले होते.

कीपॅड फोनवाल्यांना तर निरोप पोचण्याची वाटच नव्हती. शिबिराची बातमी त्यांना कुणी ना कुणी फोन करून आवर्जून दिली होती. शंकेची बातमी देण्यासाठी रात्री कुणी कुणाला उठवत नाही.

रविवार

पंचवीस-तीस माणसं पोचली. काटोल-उमरेडकडून एसटीनं आलेले गणेशपेठला उतरून ऑटो करून आले. कामठीचे ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोनं आले. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, दहा वाजताच अंग भाजत होतं. कार्यालयात लग्न होतं. बँड ऐकून काहींना वाटलं, उद्घाटन जोरदार आहे.

चौकीदारानं खरं काय ते सांगितलं. मुलीकडच्यांनी सगळ्यांना आत बसवलं, पाणी दिलं, जेवूनच जा म्हणाले. काही जेवले. एक आजोबा ताठ उभे राहिले. “आमी जेवाले नाई आलो.” त्यांचं म्हणणं मला पटतं. साहित्य घ्यायला निघालेल्या माणसाला लोकांसमोर आगंतुक होऊन बसावं लागलं, हे नुकसान कुठल्या हिशेबात धरायचं?

पैशाचं नुकसान मोजता येतं, पण तेही आपण चुकीच्या जागी मोजतो. एसटीत दृष्टिबाधितांना तिकिटात ७५ टक्के सवलत असते, त्यामुळे प्रवासाचा खर्च तसा थोडा. खरा फटका सोबत आलेल्याला. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचा शेजारी त्या दिवसाची मजुरी सोडून आला होता. तो पुढच्या वेळी ‘खरं आहे ना नक्की?’ असं विचारूनच निघणार, आणि त्या विचारण्यातच अंध माणसाचं बाहेर पडणं अवघड होऊन बसतं.

कोणते पर्याय होते

पुढच्या आठवड्यात अजनीला एका सदस्याच्या घरी बैठक झाली. काही जण फोनवरून जोडले गेले.

पहिली सूचना नेहमीची : फक्त ॲडमिननंच लिहावं. तरुणांनी ती उडवून लावली. गटात पहाटे कुणी अभंग म्हणतं, मारबतीच्या दिवशी कुणाकुणाच्या नावानं ‘घेऊन जा गे मारबत’ होतं, जुने फोन विकले जातात, स्थळं सुचवली जातात. एक जण म्हणाला, “बातमीसाठी नाई येत जी आम्ही इथं. एकमेकांसाठी येतो, बातमी मधातच भेटते.” हे विधान मला सगळ्या चर्चेत महत्त्वाचं वाटतं. गट ‘शिस्तबद्ध’ करायला निघालेली माणसं हेच विसरतात.

फोटोंवर बंदी घालावी, हे दुसरं. पण सूचना येतातच फोटोत, मग गट त्यांना मुकणार.

खरा वाद झाला तो तिसऱ्यावर. दोन-तीन डोळस स्वयंसेवक घ्यावेत, आलेला प्रत्येक कागद त्यांनी वाचून द्यावा. सोपं होतं, माणसंही मिळत होती. एका निवृत्त शिक्षकांनी कडाडून विरोध केला. आपल्यापर्यंत काय पोचावं हे पुन्हा डोळसांनीच ठरवायचं का, असा त्यांचा सवाल. वाचणारा माणूस आपल्या मते बिनकामाचं ते गाळतोच, त्या मुलानं तळाची ओळ गाळली तशी. दुसऱ्या बाजूनं उत्तर आलं की वाचून तर आजही डोळसच देतात, फक्त कोण ते ठाऊक नसतं. दोघांचंही खरं होतं.

चौथी कल्पना जुन्या वळणाची. कीपॅडवाल्यांसाठी फोनसाखळी. एकानं चौघांना सांगायचं, त्यांनी पुढे.

काय ठरलं

बातम्यांचा गट वेगळा, गप्पांचा वेगळा. बातम्यांच्या गटात टाकायचा निरोप ठरावीक क्रमानं बोलायचा : कागद कुणाचा, त्यावरची तारीख वर्षासकट, कुणी वाचला, कुणी फोन करून खात्री केली, आणि मग बातमी. दुरुस्ती असेल तर पहिलंच वाक्य ‘निघू नका’ किंवा ‘अमुक बातमी चुकीची आहे’ असं. संदर्भ मागाहून.

वाचणाऱ्यांसाठी एकच सूचना केली गेली : चारी कोपरे वाचा. वरच्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत जे आहे ते सगळं. काय कामाचं ते ऐकणारा ठरवेल. शिक्षकांच्या आक्षेपातून निघालेली ही तडजोड. स्वयंसेवक आले, पण निवड करण्याचा हक्क त्यांच्याकडे गेला नाही.

फोनसाखळीही बांधली, आणि दुरुस्तीही तिच्यातूनच जावी असं ठरलं. ज्या वाटेनं चूक गेली त्याच वाटेनं दुरुस्ती गेली पाहिजे, हे ताईंचं म्हणणं.

आणखी एक काम दोन विद्यार्थ्यांनी अंगावर घेतलं. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती सुगम स्वरूपात मिळावी याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. तिचा हवाला देऊन त्यांनी सूचना पाठवणाऱ्या कार्यालयांना अर्ज केले : पोस्टर पाठवा, हरकत नाही, पण सोबत तोच मजकूर टाइप करूनही पाठवा. एका कार्यालयातून तसं येऊ लागलं, तेही अधूनमधून. बाकीच्यांकडून उत्तर नाही.

त्याच सुमारास एक छोटी युक्ती कामाला आली. संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाबद्दल गटात दर महिन्याला नवा आकडा यायचा. २०२३ मध्ये ते खरंच हजारावरून दीड हजार झालं, पण त्याआधी आणि नंतर अफवांना ऊत होता. महाराष्ट्राच्या शासन निर्णयावर एक संकेतांक असतो, आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कुणी ‘जीआर निघाला’ म्हटलं की आधी संकेतांक विचारायचा, असा प्रघात पडला. आकडे टाइप करून पाठवता येतात, टॉकबॅकवर ते एकेक करून ऐकता येतात, फोटोची गरजच नाही. संकेतांक देता न येणारे हळूहळू गप्प झाले.

दुसरा फटका

नवी रीत काही महिने बरी चालली. मग हिवाळ्यात एक संगीत शिक्षक वारले. गटातल्या कित्येकांना हार्मोनियमवर पहिलं बोट त्यांनी ठेवायला शिकवलं होतं. पहाटे गेले, अंत्यसंस्कार दुपारी बाराला गंगाबाई घाटावर. एका विद्यार्थ्याचा निरोप आठच्या सुमारास आला, पण नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणीतरी फोन करून खात्री करायची होती. घरच्यांचे फोन सतत व्यस्त. खात्री होईपर्यंत अकरा वाजून गेले.

डोळस माणूस अकराला निरोप ऐकून बाराला घाटावर पोचू शकतो. अंध माणसाला सोबत शोधावी लागते, किंवा एकट्यानं जायचं तर अनोळखी घाटावर कुठे उतरायचं, कुणाला हाक मारायची याची जुळवाजुळव करावी लागते. बरेच जण राहून गेले. गटात एकानं विचारलं, “पोस्टरची शिक्षा सरांले काऊन देल्ली?” त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

ताईंनी त्यानंतर नियमच बदलायला घेतला. त्यांनी दोन प्रश्न ठेवले : बातमी खोटी निघाली तर काय जाईल, आणि उशिरा कळली तर काय जाईल? शिबिराची बातमी एक दिवस थांबली तर बहुधा काही बिघडत नाही, खोटी निघाली तर माणसं उन्हात उभी राहतात. निधनाच्या बातमीचं उलट. त्यावर एका वहिनींनी आक्षेप घेतला की जिवंत माणसाच्या घरी सांत्वनाचे फोन गेले तर तेही काही हलकं नाही. मधला मार्ग निघाला. निधनाची बातमी लगेच द्यायची, पण ‘अमक्यानं सांगितलं आहे, घरच्यांशी बोलणं व्हायचं आहे’ हे त्यात पहिल्या वाक्यातच. घरी फोन एकानंच करायचा. बाकीच्यांनी सोबतीची तयारी सुरू करायची.

परिणाम

जुनं पोस्टर पाहून कुणी पुन्हा निघालं नाही. जुनी पोस्टरं मात्र येतच राहिली. फोनसाखळी अर्धवट चालते. दोन कड्या तुटल्या, एक माणूस पुण्याला मुलाकडे गेला, एकानं नंबर बदलला. बातम्यांचा गट अनेकांनी म्यूट केला आहे, कारण त्यात मजा नाही. महत्त्वाचं काही असलं की कुणीतरी ते गप्पांच्या गटात नेऊन टाकतंच, तेही क्रम मोडून. हे होणारच होतं, असं माझं मत. माणसं राहतात तिथेच बातमी जाते.

तरुण मंडळी आता फोटोचं वर्णन करणारी एआय ॲप वापरतात. सोय मोठी आहे. पण ॲपला न दिसलेला आकडाही ते त्याच ठाम सुरात सांगून टाकतं. शेजारचा मुलगा निदान ‘खाली काहीतरी बारीक आहे’ म्हणाला असता.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते निर्णायक क्षण बुधवारचा नव्हता, शनिवार संध्याकाळचा होता. जुनं पोस्टर कुणाच्याही हातून सुटू शकतं. पण नंबर अस्तित्वात नाही हे कळलं, तेव्हा ती स्वतंत्र बातमीच होती. ‘नंबर लागत नाही, खात्री झालेली नाही, लांबच्यांनी निघू नये, शहरातला एक जण सकाळी नऊला जाऊन पाहील आणि कळवेल’ एवढं पंधरा सेकंदांत सांगता आलं असतं. ताई खात्रीची वाट पाहत राहिल्या. ज्यांच्या शब्दावर लोक विसंबतात त्यांना ‘मला माहीत नाही’ म्हणणं जड जातं, हे समजण्यासारखं आहे. गटानं ते त्यांच्या एकटीवर सोडायला नको होतं.

मंगल कार्यालयाजवळ राहणारे दोन सदस्य होते. शनिवारी त्यांना कुणी विचारलंच नाही. आता सदस्यांची वस्तीनिहाय यादी आहे : महाल, इतवारी, सदर, मानेवाडा, हिंगणा रस्ता. कुठल्याही ठिकाणाची बातमी आली की तिथल्या जवळच्या माणसाला आधी फोन जातो. सगळ्या बदलांत हा एकच बदल कुणाला आठवण न करता टिकला आहे.

आणि त्या बाई, ज्यांना यूडीआयडीचं खटकलं होतं. बैठकीत त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ताईंच्या निरोपानंतर आपण काय बोलायचं. त्यांच्यासारखे आणखी किती गप्प असतात, याचा अंदाज कुणालाच नाही. मोठ्या आवाजानं दिलेल्या बातमीवर लहान आवाजाला शंका घेता यावी म्हणून एक उपाय करून पाहिला : शंका असेल तर गटात न बोलता एका ठरलेल्या सदस्याला फोन करायचा, आणि त्यानं नाव न सांगता ती गटात मांडायची. हे काम सध्या त्या बाईच करतात. फोन येतात. बरेचसे ताईंच्याच निरोपांबद्दल असतात.